निन्टेन्डो डीएसच्या गेममधलं संगीत काढताना नेमकं काय बिघडतं

डीएस या हातातल्या गेम-कन्सोलचा गेम उघडून संगीत शोधणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात एमपीथ्री कुठे आहेत? बहुतेक गेममध्ये नाहीतच. कार्ट्रिजमध्ये जागा मोजकी, म्हणून वाजवायच्या सूचना एका फाइलीत, वाद्यांची माहिती दुसरीत (हिला बँक म्हणतात) आणि आवाजाचे छोटे सॅम्पल, म्हणजे नमुने, तिसरीत ठेवलेले असतात. गाणं तयार होतं ते कन्सोल वाजवतो तेव्हाच. त्यामुळे फाइल सापडणं सोपं असतं; घोळ होतो तो हे तिन्ही भाग पुन्हा जुळवताना.

आपल्याच कार्ट्रिजची प्रत घ्यायची असेल तर कस्टम फर्मवेअर (कंपनीबाहेरच्यांनी बदललेली प्रणाली) असलेल्या थ्रीडीएसवर गॉडमोड९ हा प्रोग्राम पुरतो. मिळालेली .एनडीएस फाइल टिंके या डीएसच्या फाइली उघडणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडा आणि फोल्डरांच्या झाडात .एसडॅट, म्हणजे संगीताचा साठा असलेली फाइल, शोधा, साउंड_डेटा यासारखं नाव बऱ्याचदा दिसतं. नाव काहीही असलं तरी हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतले बाइट दाखवणारा प्रोग्राम) फाइलीची सुरुवात ५३ ४४ ४१ ५४ अशी असते. एका गेममध्ये दोन-तीन एसडॅट असू शकतात, तेव्हा पहिली सापडली की थांबू नका.

एसडॅटच्या आत चार विभाग: सिम्ब, इन्फो, फॅट आणि फाइल. सिम्बमध्ये गाण्यांची नावं असतात, पण हा विभाग ऐच्छिक आहे. तो काढून टाकलेला असेल तर नुसते क्रमांक मिळतात आणि प्रत्येक गाणं ऐकून ओळखावं लागतं. खरा जीव इन्फोमध्ये आहे, आणि नवखे लोक नेमके तिथेच फसतात. ते एसएसईक्यू, म्हणजे सूचनांची फाइल, सुटी बाहेर काढतात आणि मग बासरीच्या जागी ड्रम का वाजतोय म्हणून डोकं खाजवतात. कोणत्या गाण्याला कोणती बँक लावायची हे एसएसईक्यूमध्ये लिहिलेलंच नसतं. ते इन्फोमधल्या १२ बाइटच्या नोंदीत असतं: पहिले २ बाइट फाइलचा क्रमांक, पुढचे २ सोडून द्या, त्यापुढचे २ बँकेचा क्रमांक, मग १ बाइट गाण्याचा एकूण आवाज. क्रमांक उलटा वाचायचा, म्हणजे ०४ ०१ दिसलं तर बँक २६०. आवाजाचा तो एक बाइट हरवला की एक गाणं कानठळ्या बसवतं आणि दुसरं ऐकूच येत नाही.

बँकेचंही तसंच. एका बँकेला जास्तीत जास्त चार सॅम्पल-संग्रह (एसडब्ल्यूएआर) जोडता येतात आणि त्यांचे क्रमांक पुन्हा इन्फोमध्येच असतात. रिकाम्या जागी एफएफ एफएफ. चारपैकी एकच संग्रह उचलला तर गाणं वाजतं, पण मधली दोन-तीन वाद्यं गप्प राहतात. म्हणून सुट्या फाइली काढायच्या भानगडीत न पडता अख्खी एसडॅट, किंवा सरळ .एनडीएस, व्हीजीएमट्रान्स या रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममध्ये टाका. तो इन्फो वाचून जोड्या लावतो. यादीतून गाणं निवडून मिडी (स्वरांच्या सूचना) आणि एसएफटू (वाद्यांचे आवाज) अशी दोन्ही रूपं एकदमच काढा. मिडी एकट्याने काढून संगणकातल्या तयार वाद्यांवर वाजवू नका. वाद्यांचे क्रमांक त्या गेमपुरते असतात, जनरल मिडीशी, म्हणजे वाद्यांच्या ठरलेल्या सामाईक क्रमांकांशी, त्यांचा संबंध नसतो.

एवढं करूनही काही वाद्यं बेसूर लागतात. त्यातला एक दोष ओळखायला मजेदार आहे: सूर लागतो बरोबर, पण लांबवला की चढतो. डीएसची सॅम्पल बऱ्याचदा आयएमए एडीपीसीएम या दाबून साठवण्याच्या पद्धतीत असतात. त्यात आवाजाच्या प्रत्येक बिंदूला (यालाही सॅम्पलच म्हणतात) ४ बिट. सुरुवातीला ४ बाइटचं हेडर असतं. लूप, म्हणजे सूर धरून ठेवायला पुन्हापुन्हा वाजणारा तुकडा, कुठून सुरू होतो हे ४-४ बाइटच्या गटांत मोजलेलं असतं आणि त्या मोजणीत हेडरही धरलेलं असतं. प्रोग्राम हेडर वजा करायला विसरला की लूपची सुरुवात ८ सॅम्पल पुढे सरकते. शेवट जागेवरच असतो, म्हणून १२८ सॅम्पलचा लूप १२० चा होतो आणि धरून ठेवलेला सूर अर्ध्या स्वराहून थोडा जास्तच चढतो. लूप लांबलचक असेल तर चढ कळत नाही, फक्त प्रत्येक फेरीला बारीक ‘टक्’ ऐकू येतं. एसएफटू एडिटरमध्ये लूपची सुरुवात ८ ने मागे घेतली की दोन्ही जातं.

दुसरी तक्रार म्हणजे एखादा ट्रॅक मुळीच न वाजणं. डीएसला १६ चॅनल आहेत. त्यातले ८ ते १३ चौकोनी लहर स्वतः बनवू शकतात आणि १४-१५ नॉइज, म्हणजे खरखर. त्या वाद्यांना सॅम्पलच नसतं. जे साधन फक्त सॅम्पल गोळा करतं, त्याच्या एसएफटूमध्ये ही वाद्यं येणारच नाहीत.

आणि काही गोष्टी मिडीत बसतच नाहीत. एसएसईक्यूमध्ये ‘अमुक जागी परत जा’ अशी उडी असते, मिडीत ती सूचना नाही, म्हणून गाणं ठरावीक फेऱ्या लिहून कापलं जातं. स्वराचा चढ-उतार डीएस दर ५.२ मिलीसेकंदांनी आपल्या कोष्टकावरून ठरवतो. एसएफटूचं गणित वेगळं असल्यामुळे व्हायोलिनसारखी हळू चढणारी वाद्यं थोडी वेगळी वाटतात. हे प्रोग्रामचं अपयश नाही, रूपांतराची किंमत आहे. नुसतं ऐकायचं असेल तर मिडीच्या नादी लागूच नये: टूएसएफ किंवा एनसीएसएफ या रूपातल्या फाइली घ्याव्यात आणि योग्य प्लगइन टाकून फूबार२००० या म्युझिक प्लेअरमध्ये वाजवाव्यात. टूएसएफमध्ये गेमचाच कोड चालतो, एनसीएसएफ फक्त आवाजाच्या यंत्रणेची नक्कल करतं आणि प्रोसेसरवर भार कमी टाकतं. प्लगइनमध्ये इंटरपोलेशनचा (आवाजाच्या बिंदूंमधली जागा गुळगुळीत भरण्याचा) पर्याय असेल तर बंद ठेवा. मूळ यंत्रात ते नाही. चालू केलं की करकर जाते, पण तिच्याबरोबर डीएसचा टोकदारपणाही जातो.

कधीकधी गाणं बरोबर निघूनही ‘गेममध्ये असं नव्हतं’ असं वाटतं. पोकेमॉन ब्लॅक आणि व्हाइटमध्ये (२०१०) काही रस्त्यांवर आपण चालू लागलो की तालवाद्यं मिसळतात, थांबलो की जातात. फाइलीत ते ट्रॅक एकत्रच असतात, म्हणून बाहेर काढल्यावर ढोल अखंड वाजतो. मिडी एडिटरमध्ये ते ट्रॅक म्यूट करून दुसरी प्रत काढा.

एसडॅटमध्येच एसटीआरएम नावाच्या फाइली दिसल्या तर ते खरं ध्वनिमुद्रण असतं. त्याला बँक-बिंक काही लागत नाही, व्हीजीएमस्ट्रीम या प्रोग्रामने त्याची थेट वेव्ह फाइल होते.

एसडॅट सापडलीच नाही तर गेमची यंत्रणा वेगळी असते. पोकेमॉन मिस्ट्री डन्जन एक्स्प्लोरर्स मालिकेत प्रोसियन स्टुडिओची डीएसई यंत्रणा आहे: प्रत्येक गाण्याची एक .एसएमडी (सूचना) आणि तिच्याच नावाची .एसडब्ल्यूडी. गाण्याच्या .एसडब्ल्यूडीमध्ये वाद्यांची मांडणी असते, पण सॅम्पल नसतात; ते बीजीएम.एसडब्ल्यूडी या सामाईक फाइलीत असतात. तेव्हा दोन नव्हे, तिन्ही फाइली एकत्र उघडा, नाहीतर ट्रॅक हलताना दिसतील आणि आवाज येणार नाही.