अनामत

हजला गेलो होतो. मक्केजवळच्या मिनात, तंबूबाहेर, फज्रच्या म्हणजे पहाटेच्या नमाजनंतर दोन तास बसची वाट पाहिली. मग आमचे हे म्हणाले, "चल, चालतच जाऊ." मिना ते अराफातचं मैदान, 14 किलोमीटर. नऊ जिल्हज्ज, हजचा मुख्य दिवस, ऊन चढायला लागलेलं, आणि माझ्या पायात मिरजेहून नव्या घेतलेल्या चपला.

पहिला तासभर लब्बैक, 'अल्लाह, मी हजर आहे', म्हणताना अंगावर काटा येत होता. पुढे मागे माणसंच माणसं, सगळ्यांच्या तोंडी एकच. दुसऱ्या तासात उजव्या टाचेला फोड आला. तिसऱ्या तासात तो फुटला. हे लांब ढांगा टाकत पुढे, मी लंगडत मागे, आणि मला त्यांचा असा राग आला की ओठावर लब्बैक आणि मनात भांडण. हजमध्ये भांडण करायचं नाही हे काय मला माहीत नव्हतं? तरी आला राग. आमच्या गटातल्या एक बाई दर दहा मिनिटांनी म्हणत होत्या, "सबर करो, सवाब मिलेगा." त्यांच्या पायात चांगले बूट होते.

पण खरं ओझं पायात नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी शेजारच्या काकू दोन महिन्यांसाठी लेकीकडे गेल्या तेव्हा सोन्याच्या दोन पाटल्या माझ्याकडे ठेवून गेल्या. पांढऱ्या रुमालात बांधलेल्या. त्याच महिन्यात मोठ्याच्या कॉलेजची फी भरायची होती आणि पगार अडकला होता. मी त्या पाटल्या गहाण ठेवल्या. सतरा दिवस. व्याजासकट पैसे भरून सोडवून आणल्या, पुन्हा रुमालात बांधल्या, काकू आल्यावर हातात दिल्या. वजनात गुंजभर फरक नाही. कुणाला कळलं नाही, यांनाही नाही.

निघण्याआधी रिवाजाप्रमाणे सगळ्यांकडे जाऊन कहा-सुना माफ करा म्हणून आले. काकूंकडेही गेले. त्यांनी पाट मांडला, खोबऱ्याची वडी दिली. "अगं, तू कसली माफी मागतेस? तिथं माझंही नाव घे हो." मी वहीत त्यांचं नाव लिहिलं आणि उठले. बोलायचं ते तसंच घशात राहिलं.

अल्लाह आपला हक्क माफ करतो. माणसाचा हक्क माणसानेच माफ करावा लागतो. हुकूकुल इबाद. लहानपणी मदरशात घोकलेला हा शब्द मला त्या रस्त्यावर दर पावलाला टोचत होता. आज अराफातला सगळं धुऊन निघणार, आणि हे एक राहणार.

अराफातला पोचलो तेव्हा जोहरला, दुपारच्या नमाजला, थोडाच वेळ होता. तिथे कडुनिंबाची झाडं आहेत, ओळीने लावलेली, आपल्या गावासारखीच. त्यांना बघून डोळ्यात पाणी आलं. हे आमचा तंबू शोधायला गेले. मला नमाजआधीचा वजू करायचा होता, हात-तोंड-पाय धुवायचे होते, आणि बायकांची रांग लांबच लांब. खांद्यावर पिशवी. तिच्यात औषधं, कागदपत्रं, लोकांनी दिलेले पैसे आणि ती वही. त्या गर्दीत पिशवी घेऊन आत शिरणं शक्य नव्हतं.

कडुनिंबाखाली एक बाई बसल्या होत्या. साठीच्या, बुटक्या, इंडोनेशियाच्या. त्यांच्या गटातल्या सगळ्यांच्या ओढण्या एकाच रंगाच्या. मी पिशवीकडे बोट दाखवलं, रांगेकडे दाखवलं. त्यांनी पिशवी ओढून मांडीवर घेतली, पट्टा मनगटाला दोनदा गुंडाळला आणि छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "अमानाह."

त्यांच्या भाषेतला माझ्या ओळखीचा तो एकच शब्द.

रांगेत उभी राहून मी त्याच शब्दाला धरून होते. अमानत. आपण मराठीत अक्षरं फिरवून त्याला अनामत म्हणतो. बँकेत अनामत ठेवतो, निवडणुकीत उमेदवाराची अनामत जप्त होते, आणि हा शब्द कुठल्या घरचा ते विसरतो. इमान, बेइमान, इमानेइतबारे, सगळी त्याच घरची लेकरं. आणि अमीन. ज्याच्याकडे ठेवलेली वस्तू सुखरूप असते, तो अमीन.

हुजूर (स.), म्हणजे पैगंबर मुहम्मद, यांना हा किताब आकाशातून अल्लाहचा संदेश उतरायला लागल्यावर मिळाला नाही. तो मक्केच्या बाजारातल्या लोकांनी दिला, आधीच. पस्तीस वर्षांचे होते तेव्हा मक्केच्या कुरैश टोळीने काबा पुन्हा बांधायला घेतला आणि हजरे अस्वद, तो काळा दगड, कोणी बसवायचा यावरून तलवारी उपसायची वेळ आली. ठरलं की जो पहिला आत येईल तो निवाडा करेल. हुजूर आत आले आणि सगळे ओरडले, हे तर अल-अमीन, आम्हाला मान्य! त्यांनी चादर अंथरली, दगड तिच्यावर ठेवला, टोळ्यांच्या प्रमुखांना कडा धरून उचलायला लावलं आणि शेवटी आपल्या हाताने जागी बसवला. ही गोष्ट मी शाळेतल्या मुलांना कितीदा सांगितली असेल. पण मला त्याहून जास्त हलवते ती हिजरतची, मक्का सोडून मदिनेला निघायची रात्र. सन 622. मक्केचे लोक जिवावर उठलेले, आणि त्याच लोकांच्या ठेवी त्यांच्याच घरात. संदेश मानायचा नाही, माणूस मारायचा, पण पैसा ठेवायचा तर त्याच्याचकडे! चुलतभाऊ हजरत अलींना मागे ठेवलं ते ज्याचं त्याला परत करण्यासाठी. तीन दिवस थांबून त्यांनी एकेक ठेव परत केली, मग मदिनेची वाट धरली.

कुराणात नूह, हूद, सालेह, लूत, शुऐब हे आधीचे नबी, प्रत्येकजण आपल्या लोकांना हेच सांगतो की मी तुमच्याकडे आलेला अमीन रसूल, विश्वासू प्रेषित आहे. मक्केलाही अमीन शहर म्हटलंय. नबी म्हणून स्वीकारायच्या आधी लोक हे पाहणार की याच्या हाती दिलेलं परत मिळतं का. मला तर वाटतं, बाकी सगळे किताब या एकावर उभे आहेत. आणि हा असा किताब आहे जो माणूस स्वतःला देऊ शकत नाही. सतरा दिवसांसाठी तर मुळीच नाही.

वजू करून बाहेर यायला तासाहून जास्त गेला. ऊन असं की डोळे उघडवेनात. कडुनिंबाखालचा तो गट उठलेला, रांग लावून उभा, पुढचा मुलगा झेंडा हलवून हाका मारतोय. आणि त्या बाई एकट्या खाली बसलेल्या, मांडीवर माझी पिशवी, पट्टा तसाच मनगटाला. मुलगा येऊन काहीतरी रागावून बोलला. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. माझी वाट बघत होत्या.

मी पळायला गेले आणि कळवळले. त्यांनी माझा पाय बघितला. टाचेचं कातडं सोलून चपलेला चिकटलेलं. त्यांनी मला खाली बसवलं, पाण्याच्या बाटलीने टाच धुतली, फुंकर घातली, ओढणीच्या टोकाने टिपली. मग आपल्या पायातले जाड मोजे काढले आणि माझ्या पायात चढवले, एकेक बोट जुळवून, लहान मुलाला घालतात तसे. मी नको नको म्हणत होते. मग पट्टा सोडवून पिशवी माझ्या दोन्ही हातात ठेवली, आणि स्वतः उघड्या पायात चपला सरकवून रांगेच्या मागे धावल्या. नाव विचारायचं राहून गेलं.

नमिरा मशिदीतून खुतबा, हजचं प्रवचन, सुरू होता. याच मैदानात, 632 साली, हुजूरांनी (स.) लोकांना सांगितलं होतं की ज्याच्याकडे कुणाची अमानत असेल त्याने ती ज्याची त्याला परत करावी. मी मगरिबपर्यंत, सूर्य बुडेपर्यंत रडले. वहीतली सगळी नावं घेतली. काकूंच्या नावाशी आले की पुढे जाता येईना.

मग हजचे पुढचे विधी: मुजदलिफाची रात्र, खडे वेचणं, जमरातला ते मारणं, काब्याचा तवाफे जियारत. ते मोजे घालून मी सगळं केलं आणि मला नीटसं काही आठवत नाही.

मदिनेत लोकांचे सलाम पोचवले. त्याच संध्याकाळी हॉटेलच्या जिन्यात बसून काकूंना फोन लावला. सगळं सांगितलं. पाटल्या, फी, सतरा दिवस. पलीकडे इतकी शांतता की फोन कटला असं वाटलं.

"मला ठाऊक होतं गं," काकू म्हणाल्या. "मी सुरगाठ मारते. परत आल्या तेव्हा निरगाठ होती. दातांनी सोडवली मी."

"काकू, मग पुढच्या वर्षी पुन्हा माझ्याकडेच का ठेवल्यात?"

"मग कुणाकडे ठेवणार?" त्या म्हणाल्या. "बरं, पोराची फी भरली गेली ना तेव्हा वेळेवर?"