कोरा रकाना

शाळेच्या संघात मला प्रत्यक्ष खेळायला क्वचितच मिळे. त्यामुळे धावांची वही एकदा माझ्या हाती आली ती कायमची. लांबट आकाराची ती वही, टोक काढलेली पेन्सिल आणि निर्धाव षटकाचे सहा ठिपके जोडून काढायचा ‘एम’, एवढाच माझा क्रिकेटशी संबंध. परवा माळा आवरताना ती वही सापडली आणि एका पानावर नजर अडली. आठव्या क्रमांकाच्या फलंदाजापुढे नुसते ‘झेल’ असे लिहिले आहे. झेल कोणी घेतला आणि चेंडू कोणाचा होता, हे रकाने कोरे आहेत. बहुधा तेवढ्यात वडापाव आला असावा.

त्या कोऱ्या रकान्यामुळे मला आर्थर हेगार्थ आठवले, जुन्या सामन्यांचे धावफलक जमवण्यात जन्म घालवलेले इंग्लंडचे क्रिकेटपटू. २८ जुलै १८२५ च्या रात्री लंडनच्या लॉर्ड्स मैदानावरचे पॅव्हेलियन जळून खाक झाले आणि त्याबरोबर मेरिलबोन क्रिकेट क्लबच्या जुन्या नोंदीही गेल्या. त्या दिवशी तिथे हॅरो आणि विंचेस्टर या दोन शाळांचा सामना झाला होता. त्यानंतर आठवड्याभरातच, ४ ऑगस्टला, हेगार्थ यांचा जन्म हेस्टिंग्जला झाला. पुढे ते हॅरोतच शिकले आणि शाळेच्या संघातून लॉर्ड्सवरच खेळले. योगायोगात दैवाचा हात शोधण्याची मला खोड नाही, पण एखाद्या ज्योतिषाने हा योग सांगितला असता तर मी निमूटपणे दक्षिणा दिली असती.

खेळाडू म्हणून ते फार मोठे नव्हते. १८४४ ते १८६१ या काळात, आज प्रथम श्रेणीचे मानले जाणारे १३६ सामने ते खेळले आणि त्यांत त्यांनी ३,०४२ धावा केल्या, म्हणजे सामन्यामागे जेमतेम बावीस. अर्थात ज्या लॉर्ड्सवर गवत कमी ठेवायला मेंढ्या चारत आणि जिथल्या खडबडीत खेळपट्टीवर चेंडू कधी बरगडीकडे उसळे तर कधी घोट्याशी सरपटे, तिथे चिवटपणे उभे राहणाऱ्या या फलंदाजाला धावांच्या तराजूत तोलणे थोडे अन्यायाचेच आहे.

त्यांचे खरे काम वहीतले. शाळेत असल्यापासून ते जुने धावफलक जमवू लागले आणि पुढची साठ वर्षे त्यांनी मोबदल्याची अपेक्षा न ठेवता तेच केले. या कामातली मेख धावफलक नीट पाहिल्याशिवाय कळत नाही. अठराव्या शतकातल्या फलकांत फलंदाज झेलबाद झाला की झेल घेणाऱ्याचे नाव येई, गोलंदाजाचे येत नसे. त्याला श्रेय मिळे ते यष्ट्या उडवल्या तरच. हौशी सद्गृहस्थांच्या नावामागे आद्याक्षरे आणि पुढे ‘एस्क्वायर’ अशी बिरुदावली असे, तर पैसे घेऊन खेळणाऱ्याचे नुसते आडनाव. मग एका गावातले एकाच आडनावाचे दोन भाऊ कसे ओळखायचे? हेगार्थ जुनी वर्तमानपत्रे चाळत, पत्रांमागून पत्रे पाठवत आणि मिळेल ती माहिती लिहून ठेवत: जन्मगाव, धंदा, मृत्यूचे ठिकाण, एवढेच काय, उंची आणि वजनसुद्धा. हे वजनाचे मला फार आवडते. नाव सोडून सारे पुसले गेलेला एखादा खेळाडू अमुक फूट, अमुक इंच आणि अमुक स्टोन वजनाचा असा सदेह समोर उभा राहतो.

या धावफलकांच्या आणि खेळाडूंच्या माहितीच्या ग्रंथाचे पहिले चार खंड १८६२ आणि १८६३ मध्ये फ्रेडरिक लिलीव्हाइट यांनी प्रसिद्ध केले. हे गृहस्थ मैदानावरच तंबूत छापखाना थाटून धावफलक छापत, आणि १८५९ मध्ये इंग्लंडचा संघ उत्तर अमेरिकेला निघाला तेव्हा ते तंबूसकट त्याच्याबरोबर गेले होते. ग्रंथाच्या शीर्षकात नाव लागले तेही लिलीव्हाइट यांचेच. ज्याने साठ वर्षे डोळे शिणवले तो त्या ओळीत नाही. पुढचे खंड मेरिलबोन क्लबने काढले. हेगार्थ १९०३ मध्ये वारले आणि पंधरावा खंड बाहेर पडला १९२५ मध्ये, म्हणजे त्या आगीला शंभर वर्षे झाली तेव्हा.

चुका त्यांच्याही झाल्या. पहिला खंड १७४६ या वर्षापासून सुरू होतो, कारण लंडनच्या आर्टिलरी ग्राउंडवर केंट या इंग्लंडमधल्याच परगण्याने इंग्लंडच्या संघाला एक गडी राखून हरवले तो सामना त्यांनी त्या वर्षात घातला. प्रत्यक्षात तो १८ जून १७४४ चा. धावा मात्र जपल्या गेल्या: इंग्लंडच्या ४० आणि ७०, केंटच्या ५३ आणि ९ बाद ५८.

हेगार्थ यांचा आदर्श ठेवून मीही चौकशी करायची ठरवली. तो आठव्या क्रमांकाचा फलंदाज आता निवृत्त झाला आहे. त्याला फोन करून झेल कोणी घेतला होता, असे विचारले, तर तो झेल नव्हताच, चेंडू टप्पा पडून हातात गेला होता आणि पंच समोरच्या शाळेचा होता, हे त्याने मला पंचवीस मिनिटे तावातावाने ऐकवले. त्याची उंची आणि वजन विचारायचे राहूनच गेले. रकाने अजून कोरे आहेत.