छप्पन्न जणांनी 'मस्त' म्हटलं, तिथेच घोळ झाला

पाय चार्ट दिसला की माझं डोकं अजूनही उठतं. 'परिशिष्ट : प्रेक्षक अभिप्राय. आलेख जोडणे आवश्यक.' ही ओळ मला पाठ झाली आहे, कारण त्या एका कागदापायी माझे तीन आठवडे गेले.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून आम्हा चौघांना आमच्याच ११ मिनिटांच्या लघुपटाची प्रसिद्धी करायची होती. एक टीझर, एक पोस्टर आणि सिनेमासिकाचं एक काल्पनिक मुखपृष्ठ. पहिला कच्चा नमुना लोकांना दाखवायचा, अभिप्राय घ्यायचे, सुधारणा करायच्या आणि त्यांचा अहवाल लिहायचा. शूटिंग, एडिटिंग वगैरे वेळेत उरकलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

अभिप्रायासाठी मी गूगल फॉर्म केला. 'टीझर कितपत आवडला? १ ते ५.' 'पोस्टर आकर्षक वाटलं का? हो / नाही.' 'सिनेमा बघावासा वाटतो का?' व्हॉट्सअ‍ॅपवर होते नव्हते तेवढ्या ग्रुपवर लिंक टाकली. तीन दिवसांत ५६ उत्तरं आली, सरासरी ४.६! शेवटच्या मोकळ्या रकान्यात 'मस्त', 'खूप छान', 'ऑल द बेस्ट', नुसते अंगठे आणि मावशीचं 'यात तू कुठे दिसलीच नाहीस गं?'. दोन दिवस मी हवेत होते.

मग अहवाल लिहायला बसले. 'अभिप्रायानुसार केलेले बदल' हा मथळा लिहिला आणि पुढे काही सुचेना. ४.६ वरून कुठला शॉट कापायचा? 'मस्त'मुळे कुठलं अक्षर मोठं करायचं? मित्रांना आणि नातेवाइकांना 'आवडलं का' विचारल्यावर ते आवडलं असंच म्हणणार. मी प्रश्न विचारलाच नव्हता, कौतुक मागितलं होतं.

तरीही सरांच्या सहीसाठी तेच आकडे घेऊन गेले. पहिल्यांदा कागद परत आला, कारण चार्टमध्ये कुठला रंग कशाचा हे लिहिलं नव्हतं. दुसऱ्यांदा परत आला, कारण टक्केवारीची बेरीज १०१ होत होती. पूर्णांक करताना असं होतं, हे मी सांगितलं. "बेरीज शंभर करून आण," एवढंच उत्तर मिळालं. लोक काय म्हणाले हे दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही. राग त्याचाच आहे. खरं सांगायचं तर तोवर मीही ते वाचलं नव्हतंच.

गाडी पुढे सरकली ती योगायोगाने. लायब्ररीत आवाज बंद ठेवून टीझर तपासत होते. मागून एक ज्युनिअर वाकून बघत होती. संपल्यावर म्हणाली, "ताई, भुताची फिल्म आहे का?"

आमचा लघुपट घराच्या वाटणीवरून अबोला धरलेल्या दोन बहिणींवर आहे. भुताचा दूरदूर संबंध नाही. पण टीझरमध्ये काय होतं? अंधारा जिना, आपोआप हलणारा रिकामा झोका, दारामागची सावली. आम्हाला गोष्ट माहीत होती, म्हणून आम्हाला त्या झोक्यात बालपण दिसायचं. बनवणारा एक अर्थ घालतो आणि बघणारा दुसराच काढू शकतो, हे स्टुअर्ट हॉल या माध्यम-अभ्यासकाने १९७३ मध्ये मांडलं, आणि त्यावर मी परीक्षेत दोन पानं खरडली होती!

मग फॉर्म गुंडाळला. एकेकाला गाठायचं, प्रस्तावना न करता टीझर एकदाच दाखवायचा आणि विचारायचं, "मैत्रिणीला ही गोष्ट सांगायची झाली तर काय सांगशील?" पुढे गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार जड जातं. पहिल्या मुलीला मी मधेच "तो झोका म्हणजे त्यांचं बालपण" असं सांगून टाकलं. ती लगेच "हो हो, कळलं ना" म्हणाली. तिचं उत्तर वाया गेलं.

उरलेल्या ९ जणांपैकी ६ जणांनी भूत सांगितलं. त्यातल्या एकाने फॉर्मवर ५ तारे दिले होते. भुताच्या फिल्मला दिले होते ते!

उपायही प्रत्येकाने सुचवले. झोका काढा, संगीत बदला, निवेदन घाला. ते बहुतेक सोडून दिले. मात्र गोंधळ कुठे होतो यावर सगळ्यांचं बोट एकाच जागी होतं, झोक्यापाशी. तो आम्ही ठेवला. फक्त त्याच्या आधी दोघी बहिणी एकाच किल्लीला हात घालतात तो शॉट आणला. शेजारचा शॉट बदलला की त्याच चेहऱ्याचा भाव बदललेला वाटतो, तो कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाचा प्रयोग. पुस्तकातला, पण लागू पडला.

पोस्टरचं सांगायचं राहिलं. ते ५ सेकंद दाखवून झाकायचं आणि काय आठवतं ते विचारायचं. नाव कुणालाच आठवेना, कारण गडद निळ्यावर बारीक राखाडी अक्षरं होती आणि फोनवर तर ती दिसतच नव्हती. अक्षरं जाड आणि पांढरी केली. प्रिंट स्क्रीनपेक्षा काळपट येते, म्हणून एक नमुना आधी काढून बघा. मुखपृष्ठाबद्दल कुणी काही बोललं नाही, आम्हीही विचारलं नाही.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं : सगळी माणसं पहिल्याच कच्च्या नमुन्यावर खर्च करू नका. ज्याने जुना टीझर पाहिलाय, त्याला नवा पहिल्यांदा बघता येत नाही. मी लिंक सगळीकडे वाटून बसले होते, त्यामुळे टीझर न पाहिलेली माणसं शोधण्यातच आठवडा गेला. मिळाली फक्त ८.

नवा टीझर पाहून त्यांतले ५ जण बहिणींबद्दल बोलले, २ नुसतंच 'काहीतरी मालमत्तेचं' म्हणाले आणि एकाला अजूनही भूत दिसलं. तेवढं चालेल, असं आम्ही ठरवलं.

आलेख तरीही लागणारच होता. चार्ट काढला : बहिणी, मालमत्ता, भूत. आकडे पूर्णांकात केले तर ६३, २५ आणि १३. बेरीज १०१! या वेळी निमूटपणे ६२.५, २५ आणि १२.५ लिहिलं. सरांनी बेरीज केली आणि सही केली.