तुम्ही विचारलंत म्हणून: मीटर असताना भागाकार कशाला?

बडोद्याच्या दांडिया बाजारात कुणाच्याही घरी मल्टिमीटर (व्होल्ट, अँपिअर, ओहम मोजायचा मीटर) घेऊन गेलो की हा प्रश्न येतोच. "काका, मीटरला ओहमची रेंज आहे ना? मग आधी व्होल्ट, नंतर अँपिअर आणि वर वहीत भागाकार, एवढा खटाटोप कशाला?" परवा शेजारच्या, डिप्लोमा करणाऱ्या मुलीनंही तेच विचारलं, तेव्हा म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

सूत्र शाळेतलंच आहे. व्होल्टला अँपिअरनं भागलं की रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, ओहममध्ये; दोन्ही गुणले की वॅट. त्या मुलीला ते पाठ होतं. मी तिच्या हातात जुना 100 वॅटचा पिवळा बल्ब दिला आणि मीटरनं मोजायला सांगितलं. 38 ओहम आले. मग म्हटलं, आता 230 व्होल्टवर याचे वॅट काढ. तिचं उत्तर 1400 च्या जवळ गेलं आणि ती गोंधळून बल्बवरचा छापील आकडा पुन्हा वाचायला लागली. तोच बल्ब लावून करंट मोजला तर 0.43 अँपिअर. 230 भागिले 0.43 म्हणजे साधारण 535 ओहम, आणि गुणाकार 99 वॅट. दोन्ही वेळा मीटर खरंच बोलत होता. बल्बच्या तारेतल्या थंड टंगस्टनचा रेझिस्टन्स वेगळा आणि अडीच हजार अंशांच्या आसपास तापलेल्याचा वेगळा, एवढंच. ओहमच्या रेंजवर मीटर स्वतःच्या सेलमधून इवलासा करंट सोडतो आणि झोपलेल्या वस्तूची नाडी बघतो. मला ती वस्तू कामावर असताना बघायची असते.

गीझरच्या कॉइलमध्ये मात्र असा फरक जवळजवळ नसतो. तिची नायक्रोमची तार थंड असो वा गरम, रेझिस्टन्स फार हलत नाही. 230 व्होल्टला 2000 वॅट लिहिलेला गीझर म्हणजे 8.7 अँपिअर आणि साडेसव्वीस ओहम. म्हणून कॉइल शाबूत आहे का एवढंच पाहायचं असेल, तर ओहमची रेंज पुरते.

पण गेल्या थंडीतली गोष्ट ऐका. एका पोळातल्या (जुन्या शहरातल्या दाट वस्तीच्या गल्लीतल्या) जुन्या घरात वरच्या मजल्यावरचा गीझर पाणी तापवायला वेळ लावत होता. आजी म्हणाल्या, "आणि अंघोळीच्या वेळी जळकट वास येतो हो." कॉइल मोजली, बरोबर साडेसव्वीस. मेन बंद करून बोर्डातला स्विच मोजला, 0.5 ओहम. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या तरी 0.4 दाखवत होता, म्हणजे त्यावरून काय समजायचं? दोष कुठेच दिसेना.

मग गीझर चालू केला. खाली विजेच्या बिलाच्या मीटरपाशी 224 व्होल्ट, वर गीझरच्या टोकांवर 214. टाँगटेस्टर (वायर न कापता करंट मोजणारा चिमटा) एकट्या फेजच्या वायरीभोवती धरला (फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम धरलेत तर तो शून्य दाखवतो, ही चूक फार जण करतात), 8.1 अँपिअर. म्हणजे गीझरला 2000 ऐवजी साधारण 1733 वॅट मिळत होते. उरलेले 10 व्होल्ट वाटेत कुणीतरी खात होतं. स्विचच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या स्क्रूवर मीटरच्या पिना ठेवल्या: 6 व्होल्ट. चालू स्विचवर जवळजवळ काहीच दिसायला नको! 6 भागिले 8.1, म्हणजे 0.74 ओहम. आकडा चिमुकला वाटतो. पण 6 गुणिले 8.1 केलं की 49 वॅट. 25 वॅटच्या दोन सोल्डरिंग आयर्न बोर्डात कोंडून रोज सकाळी चालू ठेवल्यासारखं ते होतं.

मेन बंद करून स्विच काढला. मागची बाजू चहासारखी तपकिरी झाली होती, वायरीचं लाल आवरण टोकाला कडक होऊन नखानं चुरा होत होतं, आणि स्क्रू बोटांनी फिरत होता. थंड असताना तांब्याची तार कशीबशी टेकलेली, 8 अँपिअर वाहिले की तापून सैल. ओहमच्या रेंजला हे दिसणार कसं?

ज्यांच्या नावावरून हे ओहम आलं, ते जॉर्ज सायमन ओहम जर्मनीतल्या कोलोनला शाळेत शिकवत होते, तेव्हा त्यांनाही करंट वाहता ठेवूनच मोजावं लागलं. त्या काळच्या बॅटऱ्यांचा दाब (व्होल्टेज) टिकत नसे, म्हणून त्यांनी तांबं आणि बिस्मथच्या जोडाचं एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात ठेवून स्थिर दाब मिळवला आणि वायरी बदलत सुईचा कल टिपला. त्यावरचं पुस्तक 1827 मध्ये आलं. माझ्या मते यंत्रापेक्षा त्यांचा धीर मोठा होता.

एक सांगायलाच हवं: पंखा, फ्रिज, पंप यांना हा सरळ गुणाकार लावू नका. मोटारीत करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, त्यामुळे व्होल्ट गुणिले अँपिअर खऱ्या वॅटपेक्षा जास्त येतात. आणि चालू बोर्डात पिना घालायचं काम हात बसलेल्यानंच करावं. तुम्ही फक्त वास आला, स्विच गरम लागला तर गीझर बंद करा आणि माणूस बोलवा.

त्या घरी जळकं टोक कापून तार नव्यानं सोलली, 16 अँपिअरचा नवा स्विच बसवला. गीझर चालू करून पुन्हा मोजलं: टोकांवर 220 व्होल्ट, 8.3 अँपिअर, स्विचवर जवळजवळ शून्य. राहिलेले 4 व्होल्ट लांबलचक जुन्या वायरीचे, ती पुढच्या वर्षी बदलायची आहे. व्होल्ट-अँपिअरचे ते दोन आकडे आणि तारीख मी बोर्डाशेजारच्या भिंतीवर पेन्सिलनं लिहून आलो. आजींना सांगितलंय, रंग दिलात तरी तेवढी जागा सोडा.