खंडूचा टिक फिव्हर आणि आमचं बजेट : माझा अनुभव

आमच्या कुत्र्याला, खंडूला, मागच्या पावसाळ्यानंतर टिक फिव्हर झाला, म्हणजे गोचीडताप, आणि त्यातून तो नीट बाहेर पडला. खर्च किती येईल या धास्तीने लोकं डॉक्टरकडे जायलाच उशीर करतात हे मी आमच्या भोरमध्येच बघितलंय, म्हणून सगळं लिहितेय, पैशांसकट.

खंडू गावठी आहे, वजन २० किलो. जेवणावर तुटून पडणारा कुत्रा, त्याने भाकरी हुंगून तोंड फिरवलं तेव्हाच कळलं काहीतरी बिनसलंय. अंग तापलेलं, मागचे पाय ओढत चालायचा, आणि दुसऱ्या दिवशी फरशीवर रक्ताचे थेंब दिसले, नाकातून पडलेले. ओठ वर करून हिरड्या बघितल्या तर एरवी गुलाबी असतात त्या पार पांढरट पडलेल्या, पोटाच्या कातडीवर बारीक लाल टिपके. असे टिपके दिसले की अजिबात थांबायचं नाही, प्लेटलेट्स खाली गेल्या की आत कातडीखाली रक्त येतं त्याचे ते टिपके असतात. शेजारच्या काकू म्हणाल्या ताप आहे तर क्रोसिन दे अर्धी, मायेपोटीच म्हणाल्या, पण माणसाच्या गोळ्या जनावराला आपल्या मनाने द्यायच्याच नाहीत. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, किडनीवर जातं, आणि मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळी जीव घ्यायला पुरते.

पुण्यात एका क्लिनिकला फोन करून विचारलं तर ॲडमिट करणं, सलाईन, पीसीआर, सोनोग्राफी असं सगळं धरून वीस हजारांच्या पुढे जाईल म्हणाले. शहरात जागेचं भाडं, मशीन, स्टाफ, त्यांचा खर्चही तसाच असणार, पण आमच्याकडे त्या महिन्यात बाजूला काढलेले आठ हजार होते आणि ह्यांचा पगार व्हायला वेळ होता. मग ह्यांच्या मित्राच्या रिक्षातून खंडूला शिरवळला नेलं, क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात. ते नागपूरच्या माफसू या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं कॉलेज आहे, त्यांचा स्वतःचा दवाखाना आहे, शिकणारी मुलं-मुली प्राध्यापकांच्या देखरेखीखाली तपासतात आणि फी अगदी नाममात्र. आमच्या पुढे एक पोट फुगलेली शेळी होती, मागे कोणाची तरी कालवड. वेळ लागतो तिथे, पण इतक्या निवांतपणे आणि बारकाईने खंडूला आधी कोणीच तपासलं नव्हतं, एक मुलगी त्याच्या कानाच्या आतून, बोटांच्या मधून गोचिडी शोधत होती आणि तो निमूट बसून होता.

मी डॉक्टर मॅडमना सरळच सांगितलं, मॅडम आमच्याकडे एवढेच पैसे आहेत, यात आधी काय केलंच पाहिजे आणि काय थांबू शकतं. हे बोलायला लोकांना लाज वाटते, मला नाही वाटली, आणि मॅडमनीही ते फार चांगलं घेतलं. त्या म्हणाल्या सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, आणि रक्ताचा स्मिअर, म्हणजे थेंब काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघणं, हे आजच करू, लिव्हर-किडनीची टेस्टपण एकदा करू, त्यात काटकसर नको. पीसीआरने जंतू नक्की कुठला ते कळेल, पण एर्लिकिया असो की ॲनाप्लाझ्मा, औषध डॉक्सीसायक्लिनच, मग त्याचे पैसे आत्ता वाचवू. बबेसिया नावाचा जंतू असेल तर औषध वेगळं लागतं, तो स्मिअरमध्ये दिसू शकतो म्हणून स्मिअर नीट बघायचा. टेस्टचा निकाल काहीही आला तरी औषध तेच राहणार असेल तर ती टेस्ट मागे ठेवता येते, हे गणित मला तिथे पहिल्यांदा कळलं आणि आता मी प्रत्येक वेळी तेच विचारते.

प्लेटलेट्स आल्या ४२ हजार. कुत्र्याला साधारण दोन लाखांच्या वर पाहिजेत. हिमोग्लोबिन उतरलं होतं पण रक्त चढवण्याइतकं नाही. स्मिअरमध्ये बबेसिया दिसला नाही.

डॉक्सी किलोला ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, म्हणजे खंडूला १०० ची एक सकाळी एक संध्याकाळी, २८ दिवस. हे औषध माणसाचंच आहे, साध्या मेडिकलमध्ये मिळतं, चिठ्ठी दाखवून जेनेरिक मागितलं तर सगळा कोर्स चारशेच्या आत बसला. उपाशीपोटी दिलं की ओकतात, त्यामुळे आधी थोडी भाकरी, मग उकडलेल्या कलेजीच्या तुकड्यात गोळी, वरून परत भाकरी आणि पाणी. गोळीबरोबर दूध-दही नाही, कॅल्शियमने औषध अंगी लागत नाही. दोन-तीन दिवसांत ताप उतरला, खंडू ताट चाटायला लागला आणि घरात सगळे म्हणायला लागले झाला की बरा, आता कशाला एवढ्या गोळ्या. मी नाही ऐकलं. अर्धवट सोडलं तर जंतू अंगात दबून राहतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी, कधी वर्षांनी पण वर येतात, तेव्हा तो आजार बोनमॅरोपर्यंत गेलेला असू शकतो, मग औषधाला दाद देत नाही. कोर्स संपल्यावर परत सीबीसी केलं, प्लेटलेट्स अडीच लाखांच्या वर. रिक्षाच्या पेट्रोलसकट सगळं मिळून आठ हजारांतच झालं, थोडे उरलेपण.

आता गोचिडींचं. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या थोड्याच, बाकीच्या घरात असतात. ही तपकिरी गोचीड गवतातच राहते असं नाही, भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, अंथरुणाच्या गोणपाटाखाली राहते, मादी एका वेळी हजारो अंडी घालते आणि उपाशी गोचिडी काही न खाता महिनोन् महिने तग धरतात. त्यामुळे नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही. आम्ही ओट्याच्या भेगा सिमेंटने बुजवल्या, गोणपाट जाळून टाकलं, त्याजागी धुता येतील अशा जुन्या चादरी घातल्या, त्या उकळत्या पाण्यात टाकते. गोठ्यात मारायचं औषध घरात फवारायला सासरे तयार होते, पण शेजारची मनी दिवसभर आमच्याच ओट्यावर असते आणि परमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनसारखी औषधं मांजराला विषारी असतात, म्हणून डॉक्टरांना विचारून, प्रमाण मोजून, ओटा पूर्ण वाळेपर्यंत मनीला कोंडून मगच मारलं.

खंडूला खायची गोळी देतो, फ्लुरालॅनरची, ती १२ आठवडे चालते. एकदम घ्यायला महाग वाटते पण तीन महिन्यांवर वाटली तर झेपते, आणि ती वजनावर असते त्यामुळे घेण्याआधी वजन करूनच घ्यायची. ज्या कुत्र्याला फिट येतात त्याला ही देण्याआधी डॉक्टरांना सांगायचं. रोज संध्याकाळी कान, काख, बोटांच्या बेचक्या मी हाताने तपासते, सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची आणि स्पिरिटमध्ये टाकायची, नखाने चिरडायची नाही.

इन्शुरन्सचीपण चौकशी केली. आधी होऊन गेलेला आजार त्यात धरत नाहीत आणि सुरुवातीचा काही काळ क्लेम मिळत नाही, तर खंडूसाठी मला ते पटलं नाही, लहान पिल्लू असेल तर जरूर बघा. आम्ही वेगळं खातं काढलंय, त्यात महिन्याला ५०० टाकतो, लसी आणि गोचिडीची गोळी त्यातूनच. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात स्वस्तात होते, २८ सप्टेंबरच्या रेबीज दिनाला बऱ्याच ठिकाणी फुकट शिबिरं असतात, पण सेव्हन-इन-वन, म्हणजे बऱ्याच रोगांवरची एकत्र लस, राहिली तर पार्व्होचं (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा रोग) एक आजारपण सगळ्या वर्षांच्या लसींपेक्षा महाग पडतं, ती चुकवू नका.

शिरवळला जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, रक्त त्याच दिवशी तपासून झालं तर एक फेरी वाचते. आधीचे रिपोर्ट असतील ते घेऊन जा आणि कुत्र्याला तोंडाला बांधायला एक मऊ ओढणी बरोबर ठेवा, कितीही शांत असला तरी सुई टोचताना घाबरतो.