विंडोजवर फोर्क काहून नाही?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात बसून मी युनिक्सवरचे प्रोग्राम विंडोजवर आणून देतो. त्यामुळे कॉलेजची पोरं हटकून विचारतात, ‘भाऊ, विंडोजवर फोर्क काहून नाही? टाकाले काय होते?’ आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

फोर्क म्हणजे युनिक्सवर नवी प्रोसेस, म्हणजे चालता प्रोग्राम, उभी करायची हाक. तिला एकही आर्ग्युमेंट, म्हणजे सोबत द्यायची माहिती, लागत नाही. चालत्या प्रोसेसची हुबेहूब दुसरी उभी राहते. मूळची ती बाप, नक्कल ती पोर. बापाला पोराचा नंबर मिळतो, पोराला शून्य. विंडोजचं क्रिएटप्रोसेस दहा आर्ग्युमेंट घेतं आणि हाती देतं फाइलमधून सुरू झालेला कोरा प्रोग्राम.

युनिक्सचे प्रोग्राम विंडोजवर चालवणाऱ्या सिग्विनवाल्यांनी यावर जुगाड केला. पोराला थांबवलेल्या अवस्थेतच जन्माला घालायचं, बापाची मेमरी (डेटा, हीप, स्टॅक) त्यात ओतायची आणि लाँगजंपनं, म्हणजे कोडमधल्या आधी खूण केलेल्या जागी उडी मारून, त्याला बापाच्या ओळीवर आणून सोडायचं. एका छोट्या शेलसाठी, म्हणजे कमांड घेऊन चालवणाऱ्या प्रोग्रामसाठी, मीही तेच केलं. ओतणं सोपं आहे हो, दुखणं मेमरीतल्या पत्त्यांचं.

धाकटा वेगळा निघाला तेव्हा माय त्याच्या नव्या घरी गेली. लाइन गेली होती. अंधारात चुलीच्या डाव्या फळीवर हात नेला आणि ओरडली, ‘अरे, मिठाची बरणी कुठी गेली?’ पॉइंटर, म्हणजे असा पत्ता जपणारा आकडा, तोच हात. पोराच्या प्रोसेसमध्ये एखादी डीएलएल, म्हणजे प्रोग्रामला जोडला जाणारा तयार कोड, दुसऱ्या जागी बसली, की संपलं.

मागच्या हिवाळ्यात एका प्रोग्रामची कॉन्फिगर स्क्रिप्ट (बांधणीआधी मशीन तपासणारी) लावली आणि हरभऱ्याच्या ओलिताला गेलो. तिच्यात शेकडो बारीक कमांड, जवळपास प्रत्येकीला फोर्क. परत येतो तर ‘रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल’. टेम्पररिली कसलं! तीनदा चालवली, तिन्हीदा वेगळ्याच ओळीवर मेली. दोन दिवसांनी चोर सापडला: नवा अँटिव्हायरस प्रत्येक प्रोसेसमध्ये स्वतःची डीएलएल घुसवून नेमकी आमची जागा अडवत होता.

गंमत म्हणजे एनटीच्या, म्हणजे आजच्या विंडोजच्या, कर्नलला (गाभ्याला) अशी नक्कल करता येते. १९९३ पासून पॉझिक्स सबसिस्टिमसाठी, म्हणजे युनिक्स पद्धतीचे प्रोग्राम चालवणाऱ्या भागासाठी, ती सोय होती. पण तिकडून जन्मलेल्या पोराची विन३२ ला, म्हणजे नेहमीचे विंडोज प्रोग्राम चालवणाऱ्या भागाला, खबरच नसते. वावर ताब्यात, सातबाऱ्यावर नाव नाही.

आता मी आधी कोड चाळतो. फोर्कच्या पाठोपाठ एक्झेक (त्याच प्रोसेसमध्ये दुसरा प्रोग्राम भरायची हाक) असेल तर सरळ स्पॉन (थेट नवा प्रोग्राम सुरू करायची हाक) टाकतो. नाहीतरी ओतलेलं सगळं पुढच्याच क्षणी फेकायचं असतं. त्या शेलमधले बहुतेक फोर्क असेच गेले. उरले सबशेलचे, म्हणजे कंसात लिहिलेल्या कमांडसाठी उघडणाऱ्या वेगळ्या शेलचे, दोन, तिथं खरीच नक्कल लागते. ते अधूनमधून रडतात, आणि पोरं विंडोजमध्येच लिनक्स चालवायच्या सोयीचं नाव घेऊन म्हणतात, ‘भाऊ, डब्ल्यूएसएल टाका ना!’