पहिलीला शिक्षक मिळेपर्यंत : माझा अनुभव

माझी मुलगी २०२२ च्या जूनमध्ये पहिलीत गेली. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, जळगाव जिल्ह्याच्या उत्तर टोकाला सातपुड्याच्या पायथ्याशी. पट ६८, त्यातली २६ मुलं एकट्या पहिलीची. मंजूर शिक्षक दोन. त्यातल्या मॅडम पावसाळ्यातच प्रसूती रजेवर गेल्या. ती रजा १८० दिवसांची असते आणि तो त्यांचा हक्कच आहे. पण त्यांच्या जागी बदली माणूस कुणी पाठवत नाही. उरले एक गुरुजी, चार वर्ग आणि दोन खोल्या.

शाळा व्यवस्थापन समितीत मी त्याच वर्षी गेले. समितीत तीन-चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. त्या निम्म्यांत माझं नाव बसलं. खरं म्हणजे सहीपुरतंच. एकदा पोषण आहाराची चव घ्यायला म्हणून गेले आणि खिचडी शिजायला वेळ होता म्हणून पहिलीच्या मागच्या रांगेत बसून राहिले.

फळ्याच्या डाव्या अर्ध्यात तिसरीची हातच्याची वजाबाकी होती, उजव्या अर्ध्यात पहिलीसाठी ‘म’. एका पोराने पाटीवर ‘म’ काढला, काना डाव्या अंगाला घातलेला, आणि दाखवायला उठला. गुरुजी वजाबाकीत होते. तो परत येऊन बसला, पुसून पुन्हा तसाच काढला, पुन्हा गेला. तेवढ्यात गुरुजींना फोन आला, कसलीशी माहिती ‘आजच्या आज’ पाठवा म्हणून. पोरगं पाटी छातीशी धरून उभंच. वर्गातली निम्मी मुलं घरी पावरी बोलतात, बाकीची अहिराणी. पुस्तकातली मराठी त्यांच्याशी कुणीतरी बोलत राहिल्याशिवाय तोंडात येत नाही, आणि बोलायला माणूस एकच, तोही चौघांत वाटलेला. गुरुजींना नावं ठेवायला मला जागा दिसली नाही. मतदारयादीचं कामही त्यांच्याच गळ्यात होतं. शिक्षकांना शिक्षणाबाहेरची कामं देऊ नयेत असं त्याच कायद्याचं कलम २७ म्हणतं, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक त्यातून वगळलेली आहे, आणि निवडणुका आपल्याकडे संपतात कुठे!

समितीचा ठराव केला, ‘पहिलीच्या २६ मुलांसाठी स्वतंत्र शिक्षक मिळावा’ असा अर्ज लिहिला, दिला आणि पोच घेतली. उत्तर आलं, तेही वेळेत: ‘मंजूर पदे २, कार्यरत २, सबब अतिरिक्त पद देय नाही.’ रजेवरच्या मॅडम कार्यरतमध्ये. नियमाने ते बरोबरही होतं. राग त्याचाच आला.

गाठ सोडवली ती केंद्रप्रमुखांनी, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी. शाळाभेटीला आले होते, ओट्यावर चहा घेता घेता म्हणाले, “ताई, तुम्ही वर्ग मोजताय. कायदा शाळा मोजतो.” मग वहीच्या मागच्या पानावर त्यांनी तक्ता काढून दिला. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. शाळेत ५० मुलं असतील आणि त्यातली ४० पहिलीत असतील, तरी शिक्षक दोनच. एका वर्गात जास्तीत जास्त किती मुलं बसवायची याची मर्यादा त्या तक्त्यात नाही. कोणत्या शिक्षकाने कोणते वर्ग घ्यायचे ते शाळेने आपसात ठरवायचं.

आमच्या शाळेच्या भिंतीला लागून अंगणवाडी आहे. २०१३ चं बालशिक्षणाचं राष्ट्रीय धोरण तीन ते सहा वर्षांच्या २० मुलांमागे एक मोठं माणूस असावं असं म्हणतं. २०२० चं शैक्षणिक धोरण तर तीन ते आठ वर्षांचा सगळा टप्पा एकच धरतं, दर शाळेत एका शिक्षकामागे ३० पेक्षा कमी मुलं आणि मागास भागात २५ पेक्षा कमी, असंही म्हणतं. धोरणं वाचायला छान. पद मात्र तक्त्यावर मिळतं, आणि तेच पोर सहा वर्षांचं होऊन भिंतीच्या अलीकडे आलं की ते २६ तल्या एका पाटीचं धनी.

“पण मग तक्त्यानेही आमची ६८ मुलं आहेत की,” मी म्हटलं. “तीन शिक्षक बसतात.”

“सरकारच्या पोर्टलवर ५७ आहेत,” केंद्रप्रमुख म्हणाले.

ही ११ मुलं कुठे गेली ते त्या दिवशी कळलं. शिक्षकांची पदं दरवर्षी संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदं मंजूर करण्याच्या सरकारी कामात, ठरतात. त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात आणि त्या वर्षी त्यात आधार वैध झालेलीच मुलं मोजणार होते. शाळेच्या रजिस्टरातलं नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारवरच्या नोंदीशी जुळलं तर मूल वैध. नाही जुळलं तर ते रोज खिचडी खाऊन, पाटी पुसून घरी जातं, पण पद ठरताना नसतं. आम्हाला ६१ ची रेघ ओलांडायची होती. म्हणजे ११ पैकी चार मुलं दुरुस्त झाली की झालं.

गुरुजींनी यादी काढून दिली. कारणं पाहून हसावं की रडावं कळेना. तिघांच्या आधारवर आडनाव बारेला, शाळेत पावरा; समाज तोच, घर तेच, लिहिणारा वेगळा. दोघांची आधारवरची जन्मतारीख १ जानेवारी आणि शाळेतली १ जून, दोन्ही अंदाजाने टाकलेल्या. एका मुलीच्या आधारवर ‘पुरुष’. एकाचं आधार कार्ड काढून हरवलेलं आणि नंबर कुणाकडेच नाही. चौघांचं आधारच नव्हतं, कारण जन्मदाखला नाही. त्यातल्या दोघांचा जन्म उसाच्या फडावर, थेट साताऱ्याकडे. नोंद झाली असली तर तिकडच्या ग्रामपंचायतीत.

इथून पुढचं काम सरकारी कमी आणि पायपिटीचं जास्त. दिवाळी झाली की पाड्यावरची निम्मी घरं ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात, त्यामुळे कुणाला कधी गाठायचं हे मुकादमाला विचारावं लागायचं. एका आजीने मला ओट्यावर बसवून सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आते काय करानं मंग? पोऱ्या ते रोज शाळामा जास ना!” तिला उत्तर देणं अवघड होतं, कारण तिचं म्हणणं खरं होतं.

नावाच्या दुरुस्त्या आधी घेतल्या. इथे एक गोष्ट कामाची ठरली. जिथे शाळेच्या रजिस्टरातली चूक होती तिथे आधारच्या रांगेत उभं राहायची गरज नव्हती, पोर्टलवर शाळेलाच दुरुस्ती करता येत होती. जिथे आधार चुकलेलं होतं तिथे पाच वर्षांनंतर करावं लागणारं बायोमेट्रिक अपडेटही बाकी होतं. ते तेव्हा ५ ते ७ वयात मोफत होतं, म्हणून दोन्ही कामं एकदमच उरकली. तालुक्याला एकेका पोराला नेणं म्हणजे आईची मजुरी बुडणार. म्हणून आम्ही आधारचं मशीनच शाळेत पाठवा असा अर्ज दिला, आणि ते आलं. रेंज नव्हती म्हणून ऑपरेटर भाऊ मंदिराच्या चौथऱ्यावर जाऊन बसले. पोरांचे अंगठे उमटेनात, केळीच्या चिकाने काळे पडलेले. राख लावून घासले तेव्हा कुठे मशीनने घेतले. फडावर जन्मलेल्या दोघांचे दाखले शेवटपर्यंत आले नाहीत.

मधल्या काळात गावातल्या डी. एड. झालेल्या एका मुलीला लोकवर्गणीतून थोडं मानधन देऊन पहिलीवर बसवलं. ती अहिराणीत गोष्ट सांगायची आणि पुस्तकात मराठीत वाचून दाखवायची. सहा महिन्यांत जे झालं ते बरंचसं तिच्यामुळे झालं, पण कुठल्याही कागदावर तिचं नाव नाही.

वैध मुलं ६४ झाली. संचमान्यता उशिरा लागली, पण तिसरं पद मंजूर दिसलं. दिसलं म्हणजे दिसलं, माणूस नाही. मंजूर आणि रिक्त हे दोन शब्द सरकारी कागदावर शेजारी सुखाने नांदतात. मग शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली लेखी तक्रार दिली. तक्रारदाराचं म्हणणं ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा, असं ते कलम आहे. सोबत संचमान्यतेची प्रत, समितीचा ठराव आणि वर्गवार पट जोडला. सुनावणीत मला फार बोलावं लागलं नाही, कारण या खेपेला अर्ज त्यांच्याच आकड्यांत होता. ‘पहिलीला शिक्षक द्या’ असं लिहिलं की कुणाला काही करता येत नाही. ‘मंजूर ३, कार्यरत २, रिक्त १’ लिहिलं की फाईल हलते.

शिक्षक मिळाले ते समायोजनातून. दुसऱ्या एका गावात पट घसरला, तिथले सर अतिरिक्त ठरले आणि आमच्याकडे आले. त्या गावच्या समितीत माझ्यासारखीच कुणी बाई असेल, तिने काय म्हटलं असेल याचा विचार मनात आलाच. सर आले तोवर माझी मुलगी दुसरीत होती. पहिलीला नवीन २० मुलं होती. त्यांना सर मिळाले, खोली मिळाली नाही. सकाळी व्हरांड्यात आणि ऊन आलं की चौथीच्या खोलीत मागच्या बाजूला.

पुढे १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि नवीन पद मिळवायला ६१ मुलं पुरेनाशी झाली. आमचं पद त्याआधीचं. ज्या शाळा आता अर्ज करतील त्यांनी तो निर्णय आधी वाचावा. आम्ही आता जूनमध्ये नाव दाखल करतानाच आधार समोर ठेवून रजिस्टर लिहितो, आडनावाचं स्पेलिंगसुद्धा. फडावर जन्मलेल्या त्या दोघांपैकी एकाचा दाखला गेल्या महिन्यात आला. दुसऱ्यासाठी त्याचे काका या हंगामात तिकडे जातील तेव्हा अर्ज देणार आहेत. अर्ज मी लिहून दिलाय.